गेजवर १४.७ आणि प्लग मात्र काळेकुट्ट! एस्टीमचं मिक्स्चर नक्की कुठं बिघडतंय?

एस्टीम_१३०० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचत होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गाडी वडिलांची, २००२ ची एस्टीम एमपीएफआय, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. वडील वर्षानुवर्षं याच गाडीतून सूत आणि नमुने घेऊन फिरले. डिकीची चटई उचलली की अजून सुताचा कोंडा निघतो. गाडी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "मोडीत घालू नको." मोडीत घातली नाही, पण स्वस्थही बसलो नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग असे. कोन फिल्टर लावला. ४-२-१ हेडर (चार सिलिंडरचा धूर आधी दोन आणि मग एका पाइपात नेणारा जोड) इथंच सोलापुरात बनवून घेतला. मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काढून स्पीडुइनो बसवला (अर्डुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, हार्नेस मी स्वतः केला, त्यात तीन महिने गेले). हेडरचे पाइप जिथं एक होतात त्याच्या पुढं बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर, धुरातला ऑक्सिजन बघून गेजला आकडा देणारा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे, पण त्याचं वय बघता तो नावालाच. इंजिन आतून उघडलेलं नाही.

आता दुखणं. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आयडलला, म्हणजे ८५० आरपीएम आणि मॅनिफोल्डचा दाब ३८ किलोपास्कल असताना, गेज १६.८ दाखवत होतं, म्हणजे वजनानं एक भाग पेट्रोलला १६.८ भाग हवा. हिशेबानं १४.७ हवी. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मी लॅपटॉपवरच्या ट्यूनरस्टुडिओमधलं ऑटोट्यून चालू केलं आणि आयडलला १४.७ टार्गेट दिलं. त्यानं व्हीई टेबलमधल्या (कुठल्या आरपीएमला आणि दाबाला किती पेट्रोल द्यायचं तो तक्ता) त्या कप्प्यात पेट्रोल वाढवत नेलं, ४४ चा आकडा ५० वर आला आणि गेज १४.७ ला येऊन असं बसलं की खिळा ठोकावा. मी खूश.

दहा दिवसांत प्लग काढले तर चारही काळे, आणि काजळी बोटाला लागणारी, कोरडी. सायलेन्सरमागं उभं राहिलं की डोळ्यातून पाणी. गावात अ‍ॅव्हरेज ९. पीयूसीला नेली तर नापास: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.८ टक्के, मर्यादा ०.५. पीयूसीवाला म्हणाला, "साहेब, कार्बोरेटरची गाडी आहे का?" फार लागलं ते.

फुल्ल थ्रॉटलला मात्र काहीच तक्रार नाही. टार्गेट १२.८, गेजवर १२.७-१२.९, गाडी पळते. गेज सांगतं सगळं ठीक, प्लग सांगतात पेट्रोल उतू चाललंय. खरं कुणाचं?

कडकभाकरी

काय करलालायस बे? चांगली चालू गाडी, तिला कॉम्प्युटर लावून बसलालायस. जुना ईसीयू लाव, पीयूसी काढ, आणि गड्ड्याला ये. सिद्धेश्वराची यात्रा संपायला आली.

एस्टीम_१३००

जुना ईसीयू कपाटात आहे भाकरी, पण आता माघार नाही. गड्ड्याला पीयूसी नसताना कसा येऊ?

कडकभाकरी

चालत ये की बे.

जुनापाना

बाळा, प्लगचा फोटो टाक. तोपर्यंत माझं ऐक. मी चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घातलंय. मारुती ८०० च्या कार्बोरेटरला ना गेज होतं ना लॅपटॉप. स्क्रू आत घ्यायचा, गाडी थरथरायला लागली की थोडा बाहेर, आरपीएम सगळ्यात वर जिथं जातो तिथून किंचित मागं. मग गाडी रस्त्यावर ओढायची, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये बाजूला घ्यायची आणि प्लग काढून बघायचा. पोर्सेलिन फिकट तपकिरी तर बरोबर, पांढरं फटक तर पेट्रोल कमी, काळं मखमल तर जास्त. प्लग ज्या आगीत बसलेला असतो तिच्याबद्दलच सांगतो. तुझा सेन्सर मात्र हातभर लांब पाइपात बसलाय. मला विचारशील तर मी प्लगची साक्ष मानेन.

एक गोष्ट कबूल करतो. शिसं नसलेल्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट येत नाही. पण काळ्या काजळीला काळी काजळीच म्हणतात.

पुणेकर_ट्यूनर

काकांचा आदर ठेवून सांगतो, प्लग वाचून २५६ कप्प्यांचं टेबल भरता येत नाही. पण इथं सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. बाजारात एलएसयू ४.९ च्या नावाखाली नकली माल भरपूर आहे. सेन्सर काढून मोकळ्या हवेत धरा, चालू करा, गरम होऊ द्या. गेज वरच्या टोकाला चिकटलं पाहिजे. शिवाय तो सेन्सर कधी वीज न देता चालू इंजिनच्या पाइपात राहिला होता का? तसा राहिला की त्यावर काजळी बसून तो मरतो. आणि तो पाइपात खालच्या बाजूनं बसवला असेल तर सकाळच्या थंड पाइपातलं पाणी त्यावर पडतं. आतलं सिरॅमिक ७८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं; पाण्याचा एक थेंब पुरे.

पेट्रोलचा दाब मोजलात का? आणि इंजेक्टर?

(पुण्याला आणलीत तर डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून मोजायच्या मशीनवर, अर्ध्या दिवसाचं काम आहे.)

कडकभाकरी

आलं पुणं. वाटच बघलालतो.

एस्टीम_१३००

@पुणेकर_ट्यूनर, काल रात्री सगळं केलं. सेन्सर मोकळ्या हवेत, गेज २२ ला चिकटलं, म्हणजे वरच्या टोकाला. पेट्रोलमध्ये भिजवून पिळलेलं फडकं जवळ नेलं की आकडा सर्रकन खाली. बसवलाय घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखा तिरपा, वरून. वीज इग्निशनबरोबर येते. पेट्रोलचा दाब ३ बार, आयडलला आणि रेसला स्थिर. इंजेक्टर धुवून आणलेत, चारही सारखे मारतात.

@जुनापाना काका, फोटो टाकलाय. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग थोडा कमी काळा आहे. का ते कळत नाही.

उसाचारस

सगळे इतका विचार करताय आणि मुद्दा पंपावर आहे. आता मिळतं ते ई२० पेट्रोल, आणि ते इथं आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून निघतंय. इथेनॉलला पूर्ण जळायला एकास नऊ हवा लागते, निव्वळ पेट्रोलला एकास १४.७. वीस टक्के मिसळलं की हिशेब १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे धागाकर्त्याचं टार्गेटच चूक आहे. आयडलला १४.७ ऐवजी १३.५ द्या, प्रश्न सुटला.

केमिस्ट्रीवाली_ताई

थांबा, थांबा. टार्गेट १३.५ केलंत तर प्लग आणखी काळे होतील.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण या आकड्यातला घोळ दर महिन्याला कुणीतरी घालतं. उसाचारस यांचं १३.५ बरोबर आहे; वजनाच्या हिशेबानं ई२० चा आकडा तेवढाच येतो, ई१० चा १४.१. चूक पुढच्या पायरीला होतेय.

सेन्सर पेट्रोल मोजत नाही, हवाही मोजत नाही. जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की कमी पडला, तेवढंच त्याला कळतं. त्या उरल्यासुरल्याच्या हिशेबाला लॅम्बडा म्हणतात. लॅम्बडा १ म्हणजे ना ऑक्सिजन उरला, ना इंधन. हे इंधन पेट्रोल असो, ई२० असो वा सीएनजी, लॅम्बडा १ म्हणजे १ च. गेज काय करतं, तर त्या लॅम्बडाला डोळे झाकून १४.७ नं गुणतं आणि तुम्हाला दाखवतं. टाकीत ई२० असताना गेज १४.७ म्हणतं तेव्हा आत प्रत्यक्षात १३.५ च जळत असतं. गेजवर १३.५ आणायला गेलात तर लॅम्बडा होईल ०.९२, म्हणजे आठ टक्के इंधन फुकट.

म्हणून गेजच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा सरळ लॅम्बडात करून टाका.

ई२० मुळे फरक पडतो तो दुसरीकडे. त्याच लॅम्बडासाठी इंजेक्टरला सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, म्हणजे टेबलचे आकडे वर जातात. गाडीचा जुना नकाशा शुद्ध पेट्रोलवर केलेला असेल आणि त्यावर कुणी ई२० भरलं, तर मिक्स्चर पातळ होतं, काळं नव्हे. तुमचं दुखणं उलट आहे. इथेनॉलला यातून सोडा.

आता माझा प्रश्न. पीयूसीच्या कागदावर सीओ आणि एचसी (न जळलेलं इंधन) असतं. पण मशीनच्या स्क्रीनवर आणखी दोन आकडे येतात, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. ते कुणी पाहिले का?

एस्टीम_१३००

ताई, कमाल आहे तुमची. नापास झाल्यावर रागानं स्क्रीनचा फोटो काढला होता, मशीन खोटं आहे असं कुठंतरी लिहायला. आत्ता झूम करून बघितला:

सीओ ३.८ टक्के
एचसी ६८० पीपीएम
ऑक्सिजन ३.१ टक्के

कार्बन डायऑक्साइडवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलंय, दिसत नाही.

केमिस्ट्रीवाली_ताई

हेच बघायचं होतं.

एवढा सीओ कधी निघतो? ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा. कार्बनला दोन ऑक्सिजन हवे असतात, एकच मिळतो. ३.८ टक्के सीओ म्हणजे सिलिंडरच्या आत ऑक्सिजनचा दुष्काळ. आणि त्याच धुरात ३.१ टक्के ऑक्सिजन शिल्लक? इतका दुष्काळ असताना एवढा ऑक्सिजन आतून वाचून बाहेर येणार नाही. म्हणजे तो आग विझल्यानंतर आलाय.

आणि आता हे बघा. ३.८ टक्के सीओ जाळायला १.९ टक्के ऑक्सिजन लागतो. ६८० पीपीएम एचसीला साधारण ०.६५. असं मिक्स्चर असलं की बरोबर थोडा हायड्रोजनही निघतो, त्याला अर्धा-पाऊण टक्का. बेरीज करा: तीनच्या वर. तुमच्याकडे ऑक्सिजन आहे ३.१. उधारी आणि शिल्लक तंतोतंत जुळली. वाइडबँडच्या तोंडावर तापलेला प्लॅटिनम असतो, तिथं हे सगळं एकमेकांशी जळतं आणि तो म्हणतो, "लॅम्बडा १." तो खोटं बोलत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतंय त्याचाच हिशेब तो देतोय.

प्लगही खरं बोलतोय. दोघांच्या मध्ये कुठंतरी बाहेरची हवा शिरतेय.

जुनापाना

शाबास पोरी. सायलेन्सर एअर घेतोय! मी फोटो बघूनच म्हणणार होतो, पण म्हणालो नाही हेही खरं.

बाळा, तुला वाटेल की धूर जोरानं बाहेर येतो तर हवा आत कशी जाईल. प्रत्येक झटका बाहेर गेला की त्याच्यामागं पाइपात क्षणभर ओढ निर्माण होते. आयडलला झटके लांब लांब असतात, प्रत्येकामागं पाइप हवा ओढतो, आणि धूरच थोडा असल्यानं शिरलेली हवा भारी पडते. जोरात पळवली की धुराचा लोंढा एवढा की त्या चिमूटभर हवेनं काही बिघडत नाही. म्हणून तुझं फुल्ल थ्रॉटल बरोबर आणि आयडल चूक.

हेडर सिलिंडर हेडला जिथं बसतो ते गॅस्केट बघ. मी पैज लावतो.

पुणेकर_ट्यूनर

शक्य आहे, पण एक शंका. पीयूसीवाल्यानं नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घातली नसेल तरी ऑक्सिजन वाढतो. रोजच घडतं ते.

केमिस्ट्रीवाली_ताई

बरोबर शंका आहे. पण मग बाहेरची हवा फक्त पीयूसीच्या नळीला मिळाली असती, गाडीतल्या सेन्सरला नव्हे. नळी अर्धवट असती तर सेन्सरनं स्वच्छ ०.८८ वगैरे दाखवलं असतं. इथं सेन्सरही फसलाय.

पुणेकर_ट्यूनर

मान्य. मिसफायर? जळलंच नाही तर ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सरला पातळ वाटतं.

एस्टीम_१३००

आयडल गुळगुळीत आहे, बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवून बघितलाय. झटका नाही. मिसफायर असता तर एचसी ६८० वर थांबलं नसतं, हजारांत गेलं असतं, बरोबर ना?

पुणेकर_ट्यूनर

बरोबर. मग काकांचीच पैज.

मूकवाचक

प्रथमच लिहितोय. उदबत्ती पेटवून हेडरजवळ फिरवा, धूर जिथं आत ओढला जाईल तिथं भोक. मी स्कूटरवर केलंय.

जुनापाना

नको!! चालू पेट्रोलच्या गाडीच्या बॉनेटमध्ये विस्तव घेऊन हात घालणारा माणूस मी बघितलाय. त्याच्या भुवया परत आल्या, बॉनेटचा रंग आला नाही.

इंजिन थंडगार असताना कर. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लाव आणि सायलेन्सरच्या तोंडात घाल, भोवती फडकं गच्च कोंब. मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मार. भोक असेल तिथं बुडबुडे येतील. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच.

कायद्याचंबोला

विषय सोडून एक. मॉडिफिकेशन करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलंय.

एस्टीम_१३००

इंजिन तेच, नंबर तोच, सीसी तेवढीच, रंग तोच. आवाजही मूळ सायलेन्सरचा. पण धागा वाचून कुणी हुरळून जाऊ नये म्हणून तुमची कॉमेंट इथं असलेली बरी.

एस्टीम_१३००

रविवारचा वृत्तांत

सकाळी सात वाजता, इंजिन रात्रभर थंड. व्हॅक्यूम क्लीनर आईचा, न विचारता घेतलेला. सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली आणि भोवती आमच्याच मागावरचा टॉवेल गुंडाळून ठोसून बसवला, जाड टर्कीश, एक्स्पोर्टमधून परत आलेला. क्लीनर चालू केला. प्लेट धुवायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून एकेका जोडावर मारत गेलो.

सायलेन्सरचे जोड: काही नाही. सेन्सरचा नट: काही नाही. इथं माझी हवा गेली. मग हेडरची हेडला बसणारी पट्टी. पहिला सिलिंडर, दुसरा, शांत. तिसऱ्याच्या खालच्या बाजूला फवारा मारला आणि फस्सऽ करून पांढरा फेस वर आला, कानात घालायच्या कापसाएवढा गोळा. पुसला, परत मारला, परत आला. चौथ्याच्या बाजूलाही बारीक बुडबुडे. मी तिथंच फरशीवर बसून हसत होतो. वडील गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं पोराला काहीतरी चढलं.

हेडर काढला. गॅस्केट तिसऱ्याजवळ काळं, फुंकलेलं. पण मूळ कारण गॅस्केट नव्हतंच. हेडरच्या पट्टीवर सरळ मोजपट्टी ठेवून खालून फीलर गेज घातलं तर मधोमध ०.६ मिमीचं पातं आरामात जातंय. पट्टी ६ मिमी जाडीची, आणि वेल्डिंग करताना ती कशालाही न आवळता तशीच ठेवून केलेलं. तापून केळीसारखी वाकली. ज्यांनी केलं त्यांचं नाव घेत नाही, घाई मीच लावली होती. हेडवर किंवा जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळून वेल्ड करायला हवं होतं.

तिसऱ्याचा प्लग कमी काळा का, त्याचं उत्तरही यातच असावं: ओढीच्या क्षणी हवा परत व्हॉल्व्हपर्यंत जात असेल. काकांनी सांगावं.

जुनापाना

असेल. सगळ्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी रिटायर झालो नसतो. आता पट्टी सपाट करून घे. मागांचे सुटे भाग कातणारा लेथवाला तुझ्या ओळखीत असणारच.

एस्टीम_१३००

एमआयडीसीतल्याच लेथवाल्याकडे नेला. तो मागाचे भाग कातण्यात मुरलेला, हेडर बघून म्हणाला, "हे कुठल्या मागाचं?" सरफेस ग्राइंडिंगला दोन दिवस. नवं बहुपदरी स्टीलचं गॅस्केट, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला दोन टप्प्यांत आवळलं, एकदा गरम करून थंड झाल्यावर पुन्हा.

मग व्हीई टेबलला हात न लावता गाडी सुरू केली. गेजवर बरोबर १२.९.

म्हणजे लॅम्बडा ०.८८. तोच नकाशा, तेच ५०. एवढे दिवस आत हेच चाललं होतं आणि मी १४.७ बघत आनंदात होतो. आकडा परत ४४ वर आणला आणि लॅम्बडा १.०० ला येऊन बसला. ऑटोट्यूननं माझ्या सुरुवातीच्या बरोबर आकड्याची वाट लावली होती.

केमिस्ट्रीवाली_ताई

पन्नासाला चव्वेचाळीसनं भागा, १.१४ येतं. पहिल्या दिवशी गेजनं १६.८ दाखवलं होतं, त्याला १४.७ नं भागा. तेही १.१४. उद्या वर्गात हे उदाहरण घालणार आहे, गाडीचं नाव न सांगता.

पुणेकर_ट्यूनर

अभिनंदन. आता ऑटोट्यूनला पुन्हा मोकळं सोडू नका. इंजिन ८० अंशांच्या वर गरम असेल तेव्हाच, थ्रॉटल पटकन दाबला-सोडला तो काळ वगळून, आणि एका वेळी बदल पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. धुराला सेन्सरपर्यंत यायला आयडलला वेळ लागतो. घाई केली की ते शेजारच्या कप्प्याचा हिशेब या कप्प्यात मांडतं.

आणि रस्त्यावर ट्यूनिंग करताना एक जण चालवेल, दुसरा लॅपटॉप बघेल. एकट्यानं दोन्ही करणारे मी पुलाच्या कठड्यावर बघितलेत.

कडकभाकरी

चालवायला मी येतो बे. डिझेल नको विचारू, पेट्रोल तुझं.

एस्टीम_१३००

तुळजापूर रस्त्याचा वृत्तांत

भाकरी चालवायला, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर. हिप्परग्याच्या तलावापर्यंत सपाटीला चौथ्या गिअरमध्ये ६० ते ८० नं निवांत, तिथले कप्पे भरले. तुळजापूरच्या घाटात मुद्दाम तिसऱ्यात कमी आरपीएमला ओढली, कारण सपाटीवर तेवढा भार मिळत नाही. रोजच्या वापरात लॅम्बडा १.००, फुल्ल थ्रॉटलला ०.८७. आपल्यासारख्या टर्बो नसलेल्या इंजिनला ०.८५ ते ०.८८ च्या मध्ये ताकद मिळते, मिक्स्चर त्याहून घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त, केलं तर नुसतं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं.

दोन-तीन गमती नोंदवून ठेवतो, नवख्यांना उपयोगी पडतील.

टेबलमधली १०० किलोपास्कलची ओळ रिकामीच राहिली, कितीही दाबा. मग लक्षात आलं, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. इथं हवेचाच दाब ९५-९६, तर इंजिनला १०० कुठून मिळणार? मुंबईला गेल्यावर ती ओळ लागेल म्हणून वरच्या ओळीचा कल धरून अंदाजानं भरून ठेवली.

घाट उतरताना पाय काढला की गेज एकदम २२ वर. भाकरी ओरडला, "गेली बे गाडी!" गेली नव्हती. गिअरमध्ये पाय काढला की ईसीयू पेट्रोलच बंद करतो, पाइपातून निव्वळ हवा जाते.

तिसरी गोष्ट जरा गंभीर. तुळजापुरात अर्धा तास उभी करून परत सुरू केली तर आयडलला लॅम्बडा १.०८ आणि इंजिन कुथतंय. लॉग बघितला: बाहेर ३१ अंश, पण इनटेकच्या हवेचा सेन्सर सांगतोय ६३. माझा कोन फिल्टर रेडिएटरच्या मागं उघडा आहे, आणि सेन्सर तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये बसलाय. येणारी हवा खरं तर तेवढी गरम नाही, पण ईसीयूला वाटतं हवा विरळ, म्हणून तो पेट्रोल कापतो. जानेवारीत ही अवस्था, तर मे महिन्यात ४३ अंशांत सात रस्त्याच्या सिग्नलला काय होईल?

पुणेकर_ट्यूनर

कोन फिल्टरला पत्र्याचा डबा करा आणि पुढच्या ग्रिलमधून थंड हवेचा पाइप आणा. ३० अंशांची हवा आणि ६० ची हवा यात ऑक्सिजनचा नऊ टक्क्यांचा फरक आहे. कोन फिल्टरनं जेवढं मिळवलं त्याहून जास्त तुम्ही उष्णतेत घालवताय. सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून त्या पाइपात बसवा. आणि मे महिन्यात फुल्ल थ्रॉटलचं ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागं घ्या. नॉकिंग कानाला ऐकू येईपर्यंत थांबू नका.

जुनापाना

किंवा मूळ फिल्टरचा डबा परत बसव. तो थंड हवाच ओढायचा. कंपनीतली माणसं अगदीच बावळट नव्हती.

उसाचारस

माझं १३.५ चुकलं, ताईंचे आभार. एक मात्र खरं सांगतो, २००२ च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी होज बदलून घ्या. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. इंजेक्शनच्या गाडीला आर९ शिक्का असलेला होज मागा, आणि टाकीतला जुना गाळ सुटतो म्हणून फिल्टरही.

एस्टीम_१३००

काका, पैज तुम्ही जिंकली आणि हेही पटलं. मूळ डबा माळ्यावर होता, बसवला. इनटेकचं तापमान चालत्या गाडीत ३६ च्या वर जात नाही. आवाज गेला, तेवढं दुःख आहे. होज आणि फिल्टर नवे.

आज पुन्हा पीयूसी, त्याच माणसाकडे. सीओ ०.३१, एचसी १४०, ऑक्सिजन ०.६. पास. तो स्क्रीन बघून म्हणाला, "कार्बोरेटर बदलला वाटतं." या वेळी नाही लागलं.

प्लग काल काढले. चारही फिकट तपकिरी, तिसराही.

जुनापाना

फोटो टाक.

एस्टीम_१३००

टाकला काका.

जुनापाना

हां. चौथ्याचं गॅप किंचित जास्त वाटतं. बघ.

मूकवाचक

आणि तो टॉवेल?

एस्टीम_१३००

आईनं मशीनमध्ये घालायला साफ नकार दिलाय. व्हॅक्यूम क्लीनरचं तिला अजून माहीत नाही.